वडिलांच्या काळजाची वाटणी

कियोमीच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते पहिलीत असताना, आणि तेही तिने कधी न पाहिलेल्या मुलांवरून. तिचे वडील तोकुजी म्हणजे जपानातल्या तोयामाचे फिरते औषधवाले. त्यांच्या मिझुहाशी गावात तेव्हा दर दोन घरांआड एक औषधवाला असायचा, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. वसंतात आणि शरदात ते वेताची पेटी फडक्यात बांधून पाठीवर घ्यायचे आणि थेट शिकोकू बेटावरच्या गावांत जाऊन फिरायचे. घरोघर औषधांचा डबा ठेवून यायचा, पुढच्या खेपेला वापरलं असेल तेवढ्याचे पैसे घ्यायचे आणि डबा पुन्हा भरायचा. निघताना त्या घरच्या मुलांच्या हातात कागदी फुगा द्यायचा. परत आले की जेवताना त्या मुलांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. अमक्याचा धाकटा चालायला लागला, तमक्याच्या मुलीचे पुढचे दात पडले. त्याच महिन्यात कियोमीचेही पुढचे दात पडले होते, ते मात्र तिच्या आईने त्यांना सांगावं लागलं.

धाकटी चिझुरू शाळेत जायला लागली तोवर धंदा आटला होता. गावोगाव औषधांची मोठी दुकानं निघाली, लोकांना घरातला डबा जड झाला आणि तोकुजी वर्षातले दहा महिने घरी राहू लागले. म्हणजे जे वडील कियोमीला सणापुरते मिळाले ते चिझुरूला रोजच्या वापराला मिळाले. पाण्यात पोहायला तिला त्यांनी शिकवलं, सायकल तिला त्यांनी शिकवली. कियोमीला सायकल शेजारच्या भाजीवाल्याने शिकवली होती. हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं, पण हेव्याला वय नसतं. माणूस म्हातारं होतं, हेवा मेला तरुणच राहतो.

आता कियोमी पन्नाशीला टेकली होती. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. आई गेल्यापासून ती वडिलांपाशीच राहत होती आणि हमरस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहत होती. दुकान कसलं, बाजारच तो. एका बाजूला खोकल्याची औषधं, दुसऱ्या बाजूला अंडी, टोफू आणि कपडे धुण्याची पावडर. सर्दी-खोकल्याची औषधं स्वतःच्या जबाबदारीवर विकायची तर सरकारी परीक्षा द्यावी लागते, ती द्यायचं तिने ठरवलं होतं. पगार थोडा वाढला असता हे खरं. पण खरं कारण वेगळंच होतं. घराण्याचा धंदा औषधाचा, आणि दोघी मुलींत औषध हातात घेतलेली ती एकटीच. कधीतरी बाबा म्हणतील, ही माझी गादी चालवते, एवढं एक वाक्य तिला हवं होतं.

ते वाक्य काही येत नव्हतं.

"परीक्षा कसली त्यात?" तोकुजी म्हणायचे. "ट्रॉलीत टोफू, त्यावर पोटदुखीची गोळी, आणि वर बिलाची ती शिटी वाजवणारी यंत्रं. आम्ही घरात शिरलो की आधी आजीची विचारपूस करायचो. औषध मग."

"आम्हीही विचारतो बाबा. तेच तर परीक्षेला असतं."

"पुस्तकात बघून विचारता."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते औषधालाही लागू आहे.

चिझुरूची गोष्ट निराळी. ती एका दवाखान्याच्या तपासणी खोलीत होती. इतकी वर्षं रक्त आणि लघवी तपासत होती, आणि आता तिथल्या डॉक्टरांनी तिला हृदयाची सोनोग्राफी शिकायला लावलं होतं. पुस्तक वाचून ती विद्या येत नाही, हात बसावा लागतो. हात बसायला कुणाची तरी छाती लागते. रविवारी दवाखाना बंद असे, डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहत, त्यांनी यंत्र वापरायला परवानगी दिली होती. आणि छाती कुणाची? तर बाबांची. गेल्या शरदातच त्यांचं हृदय जरा थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि अंगातलं पाणी उतरवायची एक गोळी चालू केली होती. तेव्हा तोकुजींनी छाती ठोकून सांगितलं, "पोरीच्या शिक्षणाला माझं काळीज घ्या. नाहीतरी पडूनच आहे."

कियोमीच्या शिक्षणाला त्यांनी जांभईसुद्धा दिली नव्हती.

दर रविवारी गाडी चालवत त्यांना दवाखान्यात न्यायची मात्र कियोमीच. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस. पहिल्या रविवारी ती बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसली. दाराचा पडदा अर्धवट सरकलेला होता. तिने मान वर केली आणि तिचं पुस्तक मांडीवर तसंच राहिलं.

बाबा शर्ट काढून डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. चिझुरू त्यांच्या पाठीशी खाटेच्या कडेवर टेकली होती, आणि उजवा हात त्यांच्या अंगावरून पलीकडे घालून तिने छातीवर चिकट जेल लावून यंत्राचं बोंड धरलं होतं. तिचं शरीर त्यांच्या पाठीला लागलेलं होतं, हनुवटी जवळजवळ खांद्यावर. ही तपासणी अशीच करतात, तिला दुसरा मार्ग नाही. पण या घरात कुणी कुणाला कधी मिठी मारलेली नव्हती. आई गेली तेव्हाही तिघं एका ओळीत बसून वाकून नमस्कार करत होते, प्रत्येक जण आपापल्या आसनावर. आणि इथे चिझुरू बापाला अख्खा कवेत घेऊन बसली होती, वर त्याला अभ्यास म्हणत होती.

"गार आहे गं ते चिकट," बाबा म्हणाले.

"थांबा, आता कोमट होईल. श्वास सोडा. सोडा... आणि थांबा. हं, आले बघा चारही कप्पे. मान वळवा, दिसतंय का? हा डावा कप्पा, यंत्राच्या पडद्यावर उजवीकडे दिसतो. ही झडप उघडतेय, मिटतेय."

"माझीच का ती? बरी चालतेय की."

दोघं हसली. ज्या काळजात आपल्याला जागा आहे की नाही हे कियोमीला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं, त्याचे कप्पे चिझुरू बोटाने मोजून दाखवत होती. कियोमीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बाकावरून उठून विनाकारण दोनदा पाणी प्यायली.

घरी आल्यावर बाबांचे मोजे तिनेच काढले, आंघोळीचं पाणी तिनेच तापवलं. मोजे काढणाऱ्या हाताला काळीज दिसत नाही, एवढंच तिला त्या दिवशी समजलं.

थंडी सरली तसे तोकुजींचे पाय सुजायला लागले. मोज्याची रेघ संध्याकाळपर्यंत घोट्यावर तशीच राही. मार्चमधल्या एका रविवारी चिझुरूने बोंड बाजूला ठेवून ते पाय दाबून पाहिले, मग यंत्राच्या पडद्याच्या तळाशी धावणारी ठोक्यांची रेघ बराच वेळ पाहिली. मध्येच एखादा ठोका चुकत होता.

"ताई," ती बाहेर येऊन म्हणाली, "डॉक्टरांच्या कानावर घालते मी. पुढच्या सोमवारी रक्त घ्यायला सांगतील. पण तू तेवढं मिसोचं सूप जरा फिकं कर ना. मीठ फार होतंय त्यांना."

"माझ्या सूपमुळे?"

"तुझ्यामुळे असं नाही म्हणाले मी."

"मग कुणाचं सूप पितात ते? आपल्याच काळ्या शाईत मुरवलेले खारे माकुळ मासे त्यांना किती आवडतात, ते मी सहा महिन्यांपूर्वी बंद केले. शिव्या खाल्ल्या त्यासाठी. तू मागच्या महिन्यात त्यांचीच बाटली घेऊन आलीस, ती कुणी लपवली?"

"बरं बाई, चुकलं," चिझुरू म्हणाली, आणि हे 'चुकलं' ती ज्या सुरात म्हणाली तो सूर आठवडाभर कियोमीच्या कानात राहिला. गाडीत बाबा म्हणाले, "चिझुरू म्हणते ते बरोबर असेल. तुझा हात खारटच आहे, आईसारखा." आता आरोपींत आईचीही मोजदाद झाली होती.

बुधवारी कियोमीची सुट्टी होती. जेवणाच्या टेबलावर ती पुस्तक घेऊन बसली होती. गिऱ्हाइकाला काय काय विचारायचं तो धडा चालू होता, आणि एकटीने दोघांची बोलणी बोलून तिला कंटाळा आला होता. समोर तोकुजी संत्रं सोलत बसले होते. हवा स्वच्छ होती, खिडकीतून तातेयामाचे डोंगर दिसत होते, आणि म्हातारा खुशीत होता.

"बाबा, जरा गिऱ्हाईक व्हा ना."

"कुणाचं? तुझ्या बाजाराचं?" पण त्यांनी संत्रं खाली ठेवलं, कपाळावर आठ्या आणल्या आणि काठी टेकत आल्यासारखा आवाज काढला. "ओ बाई, रात्री पिंडऱ्यात गोळे येतात. ज्येष्ठमधाची पुडी आहे का तुमच्याकडे? ती पिओनीच्या फुलझाडाचं मूळही घातलेली?"

"आहे की. आधी सांगा, औषध कुणासाठी हवंय?"

"शेजारणीसाठी."

"बाबा, नीट."

"बरं, माझ्यासाठी."

"एखादा आजार आहे का? हृदयाचा वगैरे?"

"हृदय माझ्या धाकट्या मुलीकडे असतं, तिला विचारा."

कियोमीने ओठ चावला. "सध्या दुसरं कुठलं औषध घेता?"

"दवाखान्याची एक गोळी. बाकी काही नाही." मग त्यांना हसू आवरेना. "आणि तुमच्याकडून कशाला घेऊ? माझ्या घरी भरलाय डबा. थंडीपासून तीच तर घेतोय, सकाळ, दुपार, रात्र. गोळे कुठल्या कुठे पळाले."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगायचं? ते विचारतात, औषध कुठलं घेता. डब्यातलं काय औषध असतं का? ते घरातलं असतं. मीठ-सोयासॉस सांगायचं का त्यांना?"

मिझुहाशीत सगळेच असं म्हणतील. डॉक्टर देतो ते औषध, डब्यात असतं ते घरचं सामान. कियोमीचा आजाही असंच म्हणत मेला.

पण कियोमीच्या समोर पुस्तक उघडं होतं आणि हा धडा तिला पाठ होता. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं की शरीरातलं पोटॅशियम घटतं, अंगात पाणी साठतं, हृदयाचे ठोके चुकतात. पिंडऱ्यांची ही पुडी दुखलं तरच घ्यायची, रोज नाही, आणि हृदयरोग्याने तर घ्यायचीच नाही. त्यात बाबांची ती पाण्याची गोळी, तीही पोटॅशियम बाहेर काढणारी. सूज मिसोची नव्हती. सूज पुडीची होती.

तिने पुस्तकातली ती ओळ पुन्हा वाचली. आणि मग, सांगायला नको पण सांगतो, तिला आनंद झाला. इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. यंत्र लावून, कवेत घेऊन, चारही कप्पे मोजून चिझुरूला जे दिसलं नाही ते तिला टेबलावर बसून दिसलं होतं. आणि सूप निर्दोष सुटलं होतं.

आता तिने काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. डबा उचलायचा आणि दवाखान्यात फोन करायचा. कियोमीने चहा ठेवला. कारण तिला चिझुरूचा चेहरा बघायचा होता, आणि फोनवर चेहरा दिसत नाही. रविवारी, त्याच खोलीत, त्याच खाटेपाशी, बाबांच्या देखत हे बोलायचं होतं. थंडीपासून घेतायत, अजून चार दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे, असं तिने स्वतःला समजावलं. रात्री तोकुजींनी तिच्यासमोरच पुडी फोडली, कोमट पाण्याबरोबर घेतली आणि तोंड वाकडं केलं. तिने रिकामा पेला धुऊन ठेवला.

गुरुवारी आणि शुक्रवारी काउंटरवर उभं राहून ती मनातल्या मनात मांडे खात होती. आधी काय म्हणायचं, मग पुडी कशी काढून दाखवायची, शेवटी सूपबद्दल एकच वाक्य, तेही हळू आवाजात. एका म्हातारीला तिने खोकल्याच्या औषधाऐवजी डोळ्यांचे थेंब दिले आणि माफी मागून बदलून दिले.

शनिवारी संध्याकाळी जिना चढताना तोकुजी मध्येच थांबले. कठडा धरून उभे राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं. जरा थांबतो."

ती खालच्या पायरीवर उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होती. ओठांवर आलेलं तिने गिळलं. उद्याच तर आहे, ती म्हणाली मनात. त्या रात्री पुडीच्या वेळी मात्र डबा सापडत नाही, असं तिने खोटंच सांगितलं. तोकुजी उठले आणि स्वतःच कपाटातून काढून घेऊन आले. तिने अडवलं नाही.

रविवारी चिझुरूने बोंड लावलं आणि पाचच मिनिटांत तिचा आवाज बदलला. "ताई, आत ये जरा." पडद्याच्या तळाशी ठोके आता दोन-दोन, तीन-तीन मिळून चुकत होते. चिझुरूचा हात बाबांच्या अंगावरून तसाच होता, पण बोटं पांढरी पडली होती. "मागच्या आठवड्यात असं नव्हतं. मी डॉक्टरांना खाली बोलावते."

"बोलाव. त्याआधी हे बघ," कियोमी म्हणाली आणि तिने पर्समधून पुडी काढली. चार दिवस घोटलेलं भाषण तिने केलं. एक शब्द चुकला नाही. ज्येष्ठमध, पोटॅशियम, पाण्याची गोळी, थंडीपासून दिवसातून तीनदा. सूपबद्दलचं वाक्यही तिने टाकलं, हळू आवाजात.

चिझुरूचा चेहरा पडला नाही. ओशाळलासुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले. "सापडलं गं ताई," ती म्हणाली. "बरं झालं बाई. मला वाटलं हृदयच गेलं त्यांचं. आठवडाभर झोप नाही मला." तिने वर फोन लावला, डॉक्टरांना पुडीचं नाव सांगितलं, आज घेतलेली पुडी शेवटची असंही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, येतोच, रक्त आत्ताच घेऊ. फोन ठेवून चिझुरूने डोळे पुसले आणि साधेपणाने विचारलं, "तुला कधी कळलं?"

आज सकाळी, एवढं कियोमीने म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बुधवारी," खाटेवरून आवाज आला. तोकुजी अजून भिंतीकडे तोंड करून पडले होते. "बुधवारीच कळलं तिला. तेव्हाच म्हणाली, बाबा हे बंद करा. डबा लपवलान माझा. मीच ऐकलं नाही, शोधून घेत होतो. तिला कशाला विचारतेस? ती औषधवाल्याची पोर आहे, तिला कळणार नाही तर कुणाला?"

तेच वाक्य, शब्द तेवढे वेगळे. पन्नास वर्षं कान देऊन बसली होती ती याच वाक्यासाठी, आणि ते चिझुरूसमोर, मोठ्याने, कुणी न मागता आलं होतं. कियोमी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. चादरीबाहेर आलेले त्यांचे पाय तिच्यासमोर होते, घोटे फुगून गुळगुळीत झालेले. बुधवारी एवढे नव्हते फुगले.

"खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "मी काही सांगितलं नाही त्यांना. पुडी घेताना बघत बसले. चारही दिवस. आज तुझ्यासमोर बोलायचं होतं म्हणून ठेवलं होतं मी."

जिन्यावर डॉक्टरांच्या सपाता वाजायला लागल्या.

"मूर्ख आहेस," तोकुजी भिंतीलाच म्हणाले. त्यांना धाप लागत होती. "जन्मात एकदा तुझी बाजू घेतली. तीही तुला ठेवता आली नाही."

चिझुरूने वडिलांच्या छातीवरचं चिकट पुसलं, शर्ट खांद्यावर ओढला आणि यंत्राची वायर गुंडाळायला घेतली. वायर गुंडाळून झाली तरी ती मान वर करीना.

"माझ्यासाठी तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत बाबा," ती म्हणाली.

कियोमीने हा सूर ओळखला. पन्नास वर्षं तो तिचाच होता, आणि आज पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून, तिच्यावरून, ऐकू येत होता. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं की असं झालं तर आपण तृप्त होऊ. तिने पुढे होऊन डॉक्टरांसाठी दार उघडलं, आणि ते विचारायच्या आत, कधीपासून आणि किती पुड्या, ते सगळं सांगून टाकलं.